‘नको’ म्हणायची रीत

बदलापूर (पूर्व)
१२ जानेवारी

चि. यज्ञेश,

आशीर्वादाची ओळ यंदा गाळली आहे. आधीचे पोचले की नाही याचा पत्ता नाही, आणि या वयात माणसाने माल उधळू नये.

पत्र कामाचं आहे. आमच्या कंपनीने एक स्पॅनिश मशीन आणलंय. नवीन नाही, नवीन वस्तू आमच्या मालकांच्या अंगाला लागत नाही. स्पेनमधला कुठलासा खोक्यांचा कारखाना बंद पडला, तिथलं पुठ्ठा कापायचं मशीन आता आनंदनगरला आमच्या शेडमध्ये येऊन बसलंय. मगरीसारखं दिसतं. जबडा उघडतो, पुठ्ठा आत जातो, जबडा मिटतो, पुठ्ठा खोक्याच्या मापाचा होऊन बाहेर पडतो. हात आत राहिला तर हातही त्याच मापाचा होईल, असा आमचा अंदाज आहे. अंगावर पिवळ्या पाट्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा प्रवासात उडाल्या. उरलेल्या सगळ्या ‘नो’ने सुरू होतात. तेवढं आम्हा सर्वांना वाचता आलं. नक्की काय करायचं नाही, ते मात्र कळेना.

एप्रिलमध्ये मशीन चालू करून द्यायला तिकडचा एक फिटर येणार आहे. त्याच्या आत पाट्या पुन्हा बनवायच्यात, मराठीत आणि स्पॅनिशमध्ये. मशीन चालू करू नका, फाटक बंद करू नका, दांडा हलवू नका. मालक म्हणाले, “शरदराव, तुमचा मुलगा तिथेच असतो ना? एक फोन मारा, दोन मिनिटांचं काम.”

मी म्हटलं, मारतो. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलायस हे कंपनीत कुणाला ठाऊक नाही. तिथे अजून माझी पत आहे.

म्हणून पत्र. तुझी आई याचा फोटो काढून तुला पाठवेल. पाठवायच्या आधी वाचेलच, तेव्हा वृंदाबाईंविषयी या पत्रात सगळं चांगलंच लिहिलेलं सापडेल.

येत्या ऑक्टोबरातल्या लग्नाचं कळलं. आईने फोन माझ्यासमोर धरला. ‘आई, तू ये.’ तीन शब्द. मी चष्मा लावून वाचले. चौथा कुठे खाली राहिला असेल म्हणून सरकवून पाहिलं, खाली नुसती फुलं होती. आई म्हणते, हे नसतील तर मीही जाणार नाही. मी म्हटलं, जा, मुलगी चांगली असेल, लूसिया नाव चांगलं आहे, उच्चारायला दात लागत नाहीत. ती जात नाही म्हणते आणि तिकीटही काढत नाही. पण हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र पाट्यांबद्दल आहे.

तू घर सोडलंस ते सत्यनारायणाच्या दिवशीच्या त्या वाक्यामुळे, असं आई अजून धरून बसली आहे. ‘आमचा मुलगा आता दोन भाषांत बेकार आहे.’ अरे, विनोद होता. घरभर पाहुणे, हातात प्रसादाचे द्रोण, सगळे हसले. माणसं हसतात तो विनोद, अशी माझी साधी व्याख्या आहे. त्यानंतर तू तीच दुसरी भाषा, स्पॅनिश, घेऊन स्पेनला गेलास आणि तिथे स्पॅनिश पोरांना इंग्रजी शिकवतोस, यावरही मला दोन सुचले होते. दोन्ही खोडले. त्यासाठी हवं तर आभार मान.

पाट्यांचं लवकर कळव. आईला कळवलंस तरी चालेल.

बाबा

---

बदलापूर
९ फेब्रुवारी

चि. यज्ञेश,

तुझा निरोप मिळाला. आईने ऐकवला, मग मी स्वतः एकदा लावला. “त्यांना सांग, पाटीवर उस्तेदचं रूप घ्यायचं, ‘नो थिएर्रे’सारखं. आणि ही मूळ बदलणारी क्रियापदं आहेत, गुगलला विचारून भलतंच काहीतरी ठोकू नका म्हणावं. कुणाकडे तरी नीट शिका.”

पाच वर्षांनी बापासाठी निघालेला पहिला शब्द ‘उस्तेद’. म्हणजे आपण, अहो-जाहो. मान मिळाला, धन्यवाद. आवाज जाड झालाय तुझा. तिकडे फार थंडी असते का?

तर शिकायला लागलो. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये, पडद्यांच्या दुकानाच्या माडीवर, रविवारी. दुकानदार जिन्याच्या तोंडाशीच बसतो आणि प्रत्येकाचं तोंड बघून सांगतो, “साईं, कॅनडा लेफ्ट, जर्मनी राइट.” माझं तोंड बघून म्हणाला, “साईं, ज्योतिषी पीछे बैठता है.” मी स्पॅनिश म्हटलं तेव्हा त्याने मापाची टेप गळ्यातून काढली आणि जाऊ दिलं.

शिकवणारी जिज्ञासा नावाची मुलगी आहे, तुझ्यापेक्षाही लहान. आठवडाभर ऐरोलीत बसून मेक्सिकोतल्या बँकेच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाते, रविवारी आम्हाला देते. वर्गात सगळी पोरं, त्यांना कॉल सेंटरला जायचंय. मी एकटाच पाट्यांसाठी.

“अंकल, ‘बंद कर’ला सिएर्रा. मग ‘बंद करू नको’ला काय?”

“नो सिएर्रा.”

“गलत! सगळे हेच करतात. ‘नो’ आला की शेपूट उलटं. ‘आ’ असेल तर ‘ए’, ‘ए’ असेल तर ‘आ’. नो सिएर्रेस. आणि तुमच्या पाटीवाल्याला रिस्पेक्ट द्यायचाय, तर नो सिएर्रे.”

“पण असं का?”

“का नाय विचारायचं अंकल. मी कस्टमरला विचारते का, तू का भडकलास?”

रीत अशी आहे, तुला ठाऊकच असेल, तरी मी बरोबर शिकलो का ते तपास. आधी ‘मी’चं रूप घ्यायचं. सिएर्रो, मी बंद करतो. शेवटचा ‘ओ’ छाटायचा. उरलेल्याला उलटं शेपूट लावायचं. म्हणजे दुसऱ्याला ‘नको’ म्हणायचं तर सुरुवात स्वतःपासून. ही पायरी मी जन्मभर गाळत आलो, मराठीत खपून जाते. मराठीत ‘नको’ एकटा सगळ्यांना पुरून उरतो. धावू नको, चिंचा खाऊ नको, स्पॅनिश शिकू नको. क्रियापद बिचारं मान खाली घालून उभं असतं.

शिवाय ही तुझी मूळ बदलणारी मंडळी. मूळ शब्द सेर्रार, त्यातला ‘ए’ फुटून ‘इए’ झाला. मशीन चालू करायचं ते एन्सेन्देर, त्याचंही तेच: नो एन्सिएन्दा. हलवायचं ते मोवेर, त्याचा ‘ओ’ फुटून ‘उए’: नो मुएवा. आणि पेदिर, म्हणजे मागणं, त्याचा ‘ए’ फुटतसुद्धा नाही, नुसता खचून ‘इ’ होतो: नो पिदा. मागणाऱ्याचा आवाज खचायचाच.

मी विचारलं, फुटतं कुठे आणि टिकतं कुठे? यावर मात्र ती शहाण्यासारखं बोलली. “जोर मुळावर पडला की फुटतं अंकल. ‘आपण सगळे’ बोललं की जोर शेपटीवर जातो, मग मूळ जसंच्या तसं. नो सेर्रेमोस.” त्यालाही दोर्मीर, झोपणं, वगैरेंचा अपवाद आहे, तिथे ‘आपण सगळे’ म्हटलं तरी थोडी पडझड होतेच. पण मोठा नियम हा. यातून जीवनाचं तात्पर्य टपकायच्या बेतात आहे हे मला दिसतंय. खाली भांडं लावत नाही.

तिने सरावाला एक ‘वोल्वेर’ही दिलं होतं. परत येणं. ‘नो वुएल्वास.’ ते मी उतरवून घेतलं नाही. तिने विचारलं, “अंकल, हे का सोडलं?” मी म्हटलं, पाटीला लागणार नाही.

बाबा

ता. क. ती ‘सिएर्रे’ म्हणते, तू निरोपात ‘थिएर्रे’ म्हणालास. पाटीवर अक्षर एकच आहे म्हणे. मग मी कुणाचं ऐकू? तुझं ऐकतो.

---

बदलापूर
२३ मार्च

चि. यज्ञेश,

पाट्या लागल्या. पेंटरने स्पॅनिश अक्षरं अशी काढलीत की देवळाच्या कमानीवर शोभावीत. मालकांनी फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवला.

पहिल्या सकाळी सगळे पाटीपुढे उभे राहिले. ‘मशीन चालू करू नका. नो एन्सिएन्दा.’ मोठ्याने वाचली. मग त्याच पाटीखालचं बटण दाबून इथल्या वायरमनने मशीनची मोटर चालू करून बघितली. दुसऱ्या दिवशी कुणी वाचली नाही. आता त्या खिळ्याला कुणीतरी डब्याची पिशवी टांगतं. खिळ्याने ठोकून ठेवलेला ‘नको’ कुणी ऐकत नाही, हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “मग अजून एक लावू.”

कामगारांची खरी पाटी म्हणजे रुमाल. तू सुट्टीत माझ्याबरोबर शेडवर यायचास तेव्हा बघितलं असशील. जो मशीनच्या आत शिरणार तो स्वतःचा रुमाल मेन स्विचच्या मुठीला बांधतो. ज्याचा रुमाल त्यानेच सोडायचा. साहेब असो, मालक असो, दुसऱ्याचा रुमाल कुणी सोडत नाही. नियमाच्या पुस्तकात हे कुठेच नाही, म्हणून पाळलं जातं.

बारवी धरणाच्या पाण्याची कपात सुरू झाली आहे. शुक्रवारी नळ कोरडे. आई बादल्या भरून ठेवते आणि मी घरात त्यांना अडखळत चालतो. आईचं तिकीट अजून काढलेलं नाही. हे सहज सांगितलं.

बाबा

---

बदलापूर
१७ एप्रिल

चि. यज्ञेश,

फिटर आला. इग्नासिओ. साठीचा असेल, मिशा पांढऱ्या, कंबर धरलेली. स्वच्छतेचं भारी वेड. पहिल्या दिवशी त्याने हत्यारं मांडायच्या आधी आमची शेड झाडायला घेतली, तेव्हा पॅकिंगमधल्या वेणूने त्याच्या हातातून झाडू ओढून घेतला. वेणू बारवीकडच्या गावातली, कुणाच्या बापाला भीत नाही. “दे इकडं. पावना हायेस, गप बस.” तो गप बसला. दुपारी तिच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या चटणीवर तुटून पडला. मी म्हटलं, “वेणूबाई, त्याला विचारलं का, तिखट चालतं?” ती म्हणाली, “साहेब, त्याला मराठी नाय समजत, पन बोंबील समजतंय.”

माझं स्पॅनिश ऐकून त्याने आधी माझ्याकडे आणि मग आकाशाकडे पाहिलं. तरी आमचं भागतं. तो हळू बोलतो, मी पाटीसारखा बोलतो. मला येतंच तेवढं. दिवसभर मी त्या म्हाताऱ्याला आदराने सांगत असतो, हे उघडू नका, ते हलवू नका. एकदा त्याने विचारलं, तुमच्या भाषेत ‘करा’ असं काही नसतं का?

परवा एक प्रसंग होता होता राहिला. कैलास, आमचा मेंटेनन्सचा माणूस, जबड्यात खांद्यापर्यंत शिरून आतला रोलर पुसत होता. मुठीला त्याचा रुमाल. इग्नासिओ पलीकडून आला. समोर माझी सुंदर पाटी, तिच्यावर डब्याची पिशवी. खाली मुठीवर एक तेलकट, मळकट फडकं. त्याने काय केलं असेल? फडकं सोडलं, त्याला हात पुसले, घडी घालून बाजूला ठेवलं, आणि हात मुठीकडे नेला. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. नीटनेटक्या माणसाने हेच केलं असतं.

शेडमधले सगळे एकदम ओरडले. कुणी मराठीत, कुणी हिंदीत, आमचा हेल्पर दिपेश नुसताच शिट्टी मारत होता. शेजारच्या मशीनच्या घरघरीत इग्नासिओला वाटलं, लोक खूश आहेत. मीही ओरडलो. तो थांबला. हात तसाच हवेत. कैलास बाहेर आला, स्वतःचा रुमाल बघितला, त्यावरचे हाताचे डाग बघितले आणि म्हणाला, “पुसले वाटतं.” एवढंच.

मी काय ओरडलो ते महत्त्वाचं नाही. ‘नो एन्सिएन्दा’ इतके दिवस घोकलेलं होतं, एवढं लक्षात घे.

बाबा

---

बदलापूर
११ मे

चि. यज्ञेश,

काल वेणू कैऱ्या घेऊन घरी आली होती. तिने तुझ्या आईला सगळं सांगितलं. आई आता तुला सांगणार. तिच्या तोंडून गेलं तर त्याला फोडणी बसेल, म्हणून मीच लिहितो.

मी ‘नो एन्सिएन्दा’ ओरडलो नाही. मी ओरडलो, “यज्ञेश, नको!”

कुठून आलं, सांगता येत नाही. ‘मी’चं रूप घ्या, ‘ओ’ छाटा, शेपूट उलटं करा, एवढं होईपर्यंत कैलासचा हात गेला असता. तोंडात जे तयार माल म्हणून पडून होतं तेच बाहेर पडलं. आणि त्या माणसाला ना यज्ञेश माहीत, ना नको. पण तो असा जागच्या जागी थिजला की मलाच भीती वाटली. त्या आवाजाचा हा उपयोग मला नव्याने कळला. तुला जुना आहे.

चहाच्या वेळी इग्नासिओने हळूच विचारलं, “के एस यज्ञेश?” यज्ञेश म्हणजे काय? शेडमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ही आमच्याकडची सुरक्षेची पद्धत आहे.

अरे, त्याने ते खरं धरलं. वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या सकाळी मशीन चालू करायच्या आधी सरळ उभा राहिला, खड्या आवाजात ओरडला, “यज्ञेश!” आणि थांबून कान देऊन राहिला. आतून कुणी ओ दिली नाही, तेव्हाच मूठ वर केली. कैलासला ही युक्ती आवडली. रुमाल आहेच, वर हाक. आता तिन्ही पाळ्यांत मशीन चालू होण्याआधी तुझ्या नावाने हाक पडते आणि सगळे गप्प होऊन ऐकतात. आत कुणी असेल तर त्याने “आहे!” म्हणायचं.

इग्नासिओ गेल्या आठवड्यात परत गेला. हाक राहिली. माझं टेबल शेडच्या भिंतीला लागून आहे. दिवसातून अनेकदा ऐकू येते. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी दाराकडे बघायचो. आता कमी झालंय.

वेणू मला म्हणाली, “साहेब, तुमचा पोर कवा येल हो? त्याला एकदा मशीन दाखवाला पायजे, त्याच्या नावाची हाय.” मी म्हटलं, तो तिकडेच असतो, लग्न आहे त्याचं. “मग तुमी जातंव ना?” मी म्हटलं, वृंदाबाई जाणार आहेत. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तुझ्या आईकडे मोर्चा वळवला आणि कैऱ्या देऊन गेली.

तर आता पाट्यांचं काम संपलंय. तुला पत्र लिहायला माझ्याकडे कारण उरलेलं नाही, म्हणून कारणाशिवाय लिहितो. आई अजून तिकीट काढत नाही. मी येऊ का, असं मी विचारत नाही. विचारलं आणि तू नाही म्हणालास तर पुढचं आयुष्य ते ‘नाही’ घरात फिरत राहील, आणि आमचं घर लहान आहे. पण ‘येऊ नका’ असंही तू अजून म्हटलेलं नाहीस. एवढ्यावर मी गेले चार महिने काढलेत. मला यायचं आहे.

बाबा

---

बदलापूर
२९ जून

चि. यज्ञेश,

हे पत्र टपालाने पाठवतोय. आईला फोटो काढायला दिलेलं नाही.

तुझा निरोप थेट माझ्या फोनवर आला. नंबर चालू झाला हे आधी त्यावरून कळलं, मग निरोप ऐकला. “बाबा, तुम्हीपण या. लूसियाच्या घरी जेवणानंतर वडीलमाणसं उठून चार शब्द बोलतात. तुम्ही बोलू नका. प्लीज. काहीच बोलू नका.”

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिली तीन उत्तरं विनोदी होती. चौथं फक्त ‘बरं’ असं पाठवलं. ते तुला मिळालंय असं दोन निळ्या खुणा सांगतात.

राग आला का, तर आला. मी माणूस बोलण्यावर जगलो. कंपनीत निरोप समारंभ असला की मला बोलावतात, कारण मी निवृत्त होणाऱ्याची अशी काही उडवतो की बिचारा रडायचं विसरतो. आणि माझ्या मुलाच्या लग्नात मी तोंड मिटून बसायचं. दोन दिवस आईशी बोललो नाही. तिला वाटलं, सराव करतोय.

मग पासपोर्टाचं निघालं. आईचा तयार होता, तो तिने मागेच गुपचूप करून ठेवला होता. माझा नव्हता. अर्ज भरला आणि काल पोलीस स्टेशनला चौकशीसाठी बोलावलं. आई बरोबर आली. बाकावर पंधरा-वीस माणसं, बहुतेक गल्फला जाणारी पोरं, एक नवं जोडपं. टेबलामागे हवालदार, पोट सुटलेला, आवाज मोठा, माझ्याच जातकुळीचा. माणसं हसवण्याची हौस लगेच ओळखू येते.

“काका, कुठे निघालात?”

“स्पेन.”

“बापरे. तिथे काय बैल पकडायला?”

लोक हसले. मी म्हटलं, “मुलाचं लग्न आहे.”

“अरे वा! मग काय, नवऱ्या मुलाचा बाप! तिकडे भाषण ठोका एक झक्कास, मराठी माणूस काय चीज आहे कळू दे गोऱ्यांना.”

आता इथे मी हो म्हणून सुटलो असतो. पण तुझ्या निरोपापासून कोंडलेला होतो. तोंडातून गेलं, “मला बोलायची मनाई आहे.”

“कुणी केली? सरकारने?”

“मुलाने.”

तो मागे रेलला. त्याने पेन खाली ठेवलं. अशा वेळी पेन खाली ठेवायचं असतं, मी पण ठेवतो. मग सगळ्यांकडे एक नजर टाकून तो म्हणाला, “म्हणजे पोराने बापाला बोलावलं, पण आवाज इकडेच ठेवून या म्हणाला. काका, मग ओळखीच्या खुणेत काय लिहू? तोंड आहे, पण बंद?”

सगळे हसले. गल्फची पोरं, ते जोडपं, दारातला शिपाई. एकाने तर टाळी दिली. आणि तुझी आई. तिने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. तिचंही खरं आहे. विनोद चांगला होता. टायमिंग उत्तम होतं. मला सुचला असता तर मी महिनाभर वापरला असता.

मीही हसलो. हसावं लागतं. हसलो नाही तर माणसं म्हणतात, याला विनोद कळत नाही. तोंड ताणून ठेवलं होतं, ते बाहेर आल्यावर दुखत होतं. सही केली, कागद घेतला, पायऱ्या उतरलो. आई म्हणाली, “काय मनाला लावून घेता, गंमत केली त्याने.” रिक्षा मिळेपर्यंत आम्ही उन्हात उभे होतो.

त्या खोलीत माझा कुणीही शत्रू नव्हता. कुणाच्या मनात काही नव्हतं. तो हवालदार तर मी निघताना उभा राहिला, हात मिळवला, मुलाला शुभेच्छा सांगा म्हणाला. सगळे चांगले लोक होते आणि सगळे हसत होते.

बरं वाटलं नाही. एवढंच तुला कळवायचं होतं.

तिकिटं काढली आहेत.

बाबा